आडवी सायकल

माळ्यावरून सायकल काढली ती रेवाने, माझ्या मुलीने, आणि तीही मला न विचारता. दुपारी दुकानातून जेवायला घरी आले, तर अंगणात सायकल चाकं वर करून उलटी उभी होती आणि रेवा जुन्या टूथब्रशने चेन घासत होती. डिझेल आणि गंज यांचा मिळून एक वास होतो, तो दारापर्यंत आला होता. मडगार्डच्या आतल्या बाजूला काहीतरी पिवळं चिकटलं होतं. नखाने खरवडलं तर भुकटी निघाली. हळद की गंज, ते मी चाखून बघितलं नाही.

"ही तुझी ना?" तिने मान वर न करता विचारलं.

"होय."

"दिवाळीची सुट्टी संपली की मी हिच्यावरून शाळेत जाणार."

"नाही जाणार."

"तू जात होतीस की."

ती आठवीत आहे. ह्या वयात मुली एवढंच बोलतात आणि बरोबर दुखेल तिथे बोलतात. मी पानं घेतली. तिच्या नखांत काळं तेल गेलं होतं आणि ती तसल्याच हाताने भाकरी मोडत होती. तसले हात मी जेवणाच्या ताटावर पूर्वी पुष्कळ पाहिलेत.

सांगलीत आमच्या वयाच्या लोकांना हल्ली सायकलचे उमाळे येतात. मोबाईलवर ह्यांचे ग्रुप असतात. सकाळी सकाळी कुणीतरी जुन्या सायकलचा फोटो टाकतं, खाली "गेले ते दिवस" लिहितं, मग चाळीस जण हात जोडतात. हात जोडून झाले की हेच चाळीस जण चाळीस मोटारी काढतात आणि कोपऱ्यावरून दूध आणायला जातात. मला ह्या लोकांचा मनापासून कंटाळा आहे. दिवस कुठे गेलेले नाहीत. दिवस इथेच आहेत, ह्यांच्या चाकांखाली.

आणि ते दिवस तरी काय होते? उन्हाळ्यात डांबर वितळून टायरला चिकटायचं. चेनमध्ये स्कर्ट अडकला की रस्त्याकडेला उकिडवं बसून तो सोडवायचा, आणि वडाच्या पारावरच्या टवाळांना तेवढीच करमणूक. हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरांमागे चिपाडं आणि वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, सांडलेलं असायचं. त्यावर दव पडलं की चाक सरकलंच. माझ्या डाव्या कोपरावर अजून खूण आहे. त्या रस्त्याला मात्र वास होते, एवढं खरं. घरातून निघालं की पहिल्यांदा हळदीच्या गोदामांचा वास, नाक आतून कोरडं करणारा. मग बेकरी. मग चौकातल्या वजनकाट्यावर रांगेत उभ्या ट्रकांचा तापल्या रबराचा वास. डोळे मिटूनही मी सांगितलं असतं, चौक किती लांब आहे ते.

त्याला वजनकाटा चौकच म्हणायचे. काट्याची दगडी केबिन अगदी कोपऱ्यावर, रस्त्यात नाक खुपसून उभी होती. तिच्यामुळे कुणालाही डावीकडे वळायचं तर गाडी जवळजवळ थांबवावी लागायची. ड्रायव्हर केबिनला शिव्या देत वळायचे. पण हळू वळायचे.

कुपवाडच्या कारखान्यांची जनरल शिफ्ट आठची आणि आमची मुलींची शाळा पावणेआठची. साडेसातला दोघांची गाठ चौकात पडायची. ते उत्तरेला, आम्ही पश्चिमेला. त्यांच्या काळ्या दांडीच्या उंच सायकली, हँडलला डब्याची पिशवी, पायजम्याच्या उजव्या पायाला लोखंडी क्लिप. आमच्या लेडीज सायकली, दप्तर कॅरिअरला. लांबून कुपवाडचा पहिला भोंगा ऐकू यायचा आणि त्याबरोबर कुणीतरी ओरडायचं, "आडवी घ्या रं!"

चार-पाच कामगार सायकलवरून उतरायचे आणि आपापल्या सायकली रस्त्यात आडव्या धरून उभे राहायचे. चाकाला चाक लावून. ट्रक थांबायचे, एसटी थांबायची, ट्रॅक्टरवाला गाणं मोठं करायचा. आम्ही तीस-पस्तीस मुली मधून निघून जायचो. दोन मिनिटांचा कारभार. शेवटच्या मुलीने दोनदा घंटी वाजवायची, म्हणजे मागे कुणी नाही. मग ते लोक सायकलवर टांग मारायचे आणि जोरात पायडल मारत सुटायचे, कारण उशीर झाला की गेटवर कार्डाला लाल शाईचा शिक्का पडायचा.

ह्या लोकांचे वार ठरलेले असायचे. मंगळवार आप्पांचा.

आप्पा म्हणजे माझे वडील. कुपवाडला एका लहान कारखान्यात लेथवर होते. हे आडवं धरणं का सुरू झालं, कुणी केलं, ते मला माहीत नाही. आधी काहीतरी झालं असणार. घरात ते कधी निघालं नाही आणि मी विचारलं नाही. मला एवढंच माहीत होतं की मंगळवारी चौकात माझे वडील खाकी कपड्यांत रस्ता अडवून उभे असतात आणि एसटीचा ड्रायव्हर त्यांना 'अहो मालक' म्हणतो.

पाचवीतल्या पहिल्याच मंगळवारी मी त्यांच्याकडे बघितलं. बघून हसलेसुद्धा. मुलींना कळावं, की हे आमचे. तेवढ्यात पुढच्या मुलीच्या चाकाला माझं चाक लागलं आणि मी थेट त्यांच्या पायाशी आडवी. पाठीमागच्या सगळ्या एकमेकींवर. एसटी, ट्रक, कामगार, सगळे खोळंबले. आप्पांनी मला दंडाला धरून उभं केलं. लागलं का, विचारलं नाही.

"कुठं बघत हुतीस?"

"तुमच्याकडं."

"माझ्याकडं? मी काय सिग्नल हाय? चौकात समोर बघायचं. बाप असू दे न्हाईतर देव असू दे. समोर."

त्यानंतर सहा वर्षं मी मंगळवारी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते तिथे आहेत हे कळायचं ते वासावरून. लेथवर लोखंड कापताना दुधासारखं पांढरं तेल ओततात, त्याचा आंबूस वास त्यांच्या कपड्यांतून धुऊनही जायचा नाही. डावीकडून तो वास यायचा आणि मी समोर शाळेच्या दिशेने बघत पायडल मारायची. संध्याकाळी ते आईला सांगायचे, "आज बरूबर गेली." एवढंच माझं कौतुक.

मग लग्न झालं आणि मी साताऱ्याला गेले. नवरा सैन्यात, वर्षातून दोनदा घरी. साताऱ्यात सायकल ही बसायची वस्तू नाही, हाताने ढकलून चढवायची वस्तू आहे. शाळा सुटली की पोरं दोघं-दोघं, तिघं-तिघं सायकली धरून चढ चढायची. त्यांचं सगळं बोलणं त्या चढावर व्हायचं, उतारावर नुसतं ओरडणं. तिथेच मी शिवण शिकले, खिडकीशी मशिन होतं आणि खिडकीखाली तो चढ. बाकीचं साताऱ्याचं मला फारसं आठवत नाही. ब्रेक रबर घासल्याचा वास आणि पावसाळ्यात चार महिने न वाळणारे कपडे आठवतात.

आप्पा गेले, सांगलीचं घर रिकामं झालं आणि मी रेवाला घेऊन परत आले. नवरा आता साताऱ्यातच एका गोदामावर सुपरवायझर आहे, शनिवारी येतो. मी शाळांचे गणवेश शिवते. चार मशिनं आहेत. जूनमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो, इतर वेळी लोकांना मापं सांगता येत नाहीत म्हणून डोकं फिरतं.

परत आले तेव्हा चौक सुधारला होता.

वजनकाट्याची केबिन पाडून कोपरा गोल केला होता. आता डावीकडे वळायला ब्रेकला पायही लावावा लागत नाही. त्याला लेफ्ट फ्री म्हणतात. सगळं फ्री, फक्त चालणाऱ्याचा आणि सायकलवाल्याचा जीव तेवढा मोजून घेतात. कोपरा कॉलरच्या टोकासारखा असतो. टोक आहे तोवर कापडाला शिस्त असते. टोक छाटून गोल केलंत की सगळं लोळतं. पण हे काम करणाऱ्यांनी आयुष्यात स्वतःचं बटणसुद्धा लावलेलं नसणार.

दोन वर्षांपूर्वी चौकापासून शाळेपर्यंत सायकल ट्रॅक झाला. म्हणजे रस्त्याच्या कडेला हिरवा रंग मारला आणि त्यावर पांढरी सायकल काढली. उद्‌घाटनाला एक पाहुणे आले. ते सायकलवर बसले, दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी सायकल धरली, फोटो झाला, ते उतरले आणि मोटारीत बसून गेले. मोटार ट्रॅकवरच उभी होती. रंग मारायच्या दिवशी एका बंगल्याबाहेर दुसरी एक मोटार उभी होती. ती कुणी हलवली नाही. रंगाऱ्याने तिच्या भोवतीने रंग मारला. आता तिथे मोटारीच्या मापाचा काळा चौकोन आहे आणि बंगलेवाले ठणकावून सांगतात की ही आमची जागा, बघा, सोडलीये की.

हे सगळं मी रोज बघत होते. कशावरून? स्कूटीवरून. रेवाला मागे बसवून. माझ्यासारख्या दीडशे आया रोज साडेसातला त्या हिरव्या पट्ट्यावर स्कूट्या घालतात, आपल्या पोरीला दुसऱ्या आईच्या स्कूटीपासून वाचवण्यासाठी. इतरांना मी नावं ठेवते ती ठेवतेच, पण ह्या मूर्खपणात माझाही वाटा पूर्ण आहे.

सायकल सरळ झाली, टायर-ट्यूब नव्या पडल्या, ब्रेकची रबरं बसली. तिसऱ्या दिवशी रेवाने ती जिन्याखाली आणून लावली आणि माझ्याकडे बघत बसली. मी दुकानातली टेप खिशात टाकली आणि सकाळी चौकात गेले.

ट्रॅक पावणेतीन फूट. सायकलचं हँडल बावीस इंच, वर दोन्ही कोपरं. ठीक, अंग चोरून जमेल. पुढे विजेचा खांब, खांब आणि गटाराची कड यांत अंतर नऊ इंच. नऊ इंचात हाफ बाही बसते. लेफ्ट फ्रीच्या वळणावर ट्रॅक पुसटच होतो, म्हणजे नेमका जिथे पाहिजे तिथे. पलीकडे तो पुन्हा उगवतो. मधली चोवीस पावलं पोरींनी उडत जायचं.

मी ते कागदावर लिहून रस्त्याचं काम बघणाऱ्या ऑफिसात गेले. इंजिनिअर तरुण होता, नम्र होता. नम्र माणसांशी भांडायला जास्त वेळ जातो.

"मॅडम, ट्रॅक पूर्ण आहे."

"वळणावर नाही."

त्याने नकाशा उलगडला. "हा बघा. सलग आहे."

"हे कागदावर. मी रस्त्यावरचं म्हणते."

"रस्त्यावर वाहनांच्या वर्दळीने पुसला गेला असेल."

"म्हणजे वाहनं ट्रॅकवरून जातात."

तो हसला. "आता काय करणार? कोपरा पुन्हा बाहेर काढा म्हणाल, तर कोंडी होईल, लोक आम्हाला धरतील."

"थोडाच काढा. गाडी हळू झाली की बास. आणि पोरी जिथून ओलांडतात तिथे रस्ता जरा उंच करा."

"पण मॅडम, सायकलवर येतंय कोण? मी रोज बघतो, चार-पाचसुद्धा नसतात. कुणासाठी करायचं?"

"पोहणारं कुणी दिसत नाही म्हणून नदीवर पूल बांधत नाही का तुम्ही?"

त्याला हे बहुधा आवडलं, कारण त्याने मान डोलावली. मग सहज विचारलं, "तुम्ही आता कशावरून आलात?"

"स्कूटीवरून."

त्याने नकाशा गुंडाळला. अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. सांगलीत पोच फार लवकर मिळते. नंतरचं काही मिळत नाही.

रविवारी मी स्वतः सायकल काढली. रेवा मागे दुसऱ्या कुणाची तरी मागून आणलेली सायकल घेऊन. गुडघ्यांनी तक्रार केली, पण पाय विसरले नव्हते. हळदीची गोदामं अजून आहेत. तो वास तसाच नाकात शिरला. बेकरीच्या जागी मोबाईलचं दुकान, त्याला कसलाच वास नाही. चौक आला. मी डावीकडे बघितलं, हात दाखवला, पुढे झाले, आणि वळणावरून एक पांढरी मोटार न थांबता आली. हॉर्न माझ्या कानात नाही, पाठीच्या कण्यात वाजला. काच खाली झाली. माझ्याच वयाचा माणूस. मी त्याला ओळखते. गेले ते दिवस लिहिणाऱ्यांतला.

"ताई, ह्या वयात कशाला?" म्हणाला आणि गेला.

मी उतरले. सायकल हातात धरून चौक ओलांडला. ज्या चौकातून मी सहा वर्षं न उतरता गेले, तिथे एक्कावन्नाव्या वर्षी पायउतार झाले. पलीकडे जाऊन उभी राहिले.

रेवा पण उतरून आली.

"मग आजोबांच्या वेळी ट्रक थांबायचे कसे?" तिने विचारलं.

"ते आडवे उभे राहायचे."

"मग?"

मी सायकल घराकडे वळवली. सोमवारी दुकानात उज्ज्वला आली. शेजारच्या गल्लीतली, तिच्या दोन मुली त्याच शाळेत. धाकटीच्या स्कर्टची उंची वाढवून हवी होती.

"उज्ज्वला, तू सकाळी पोरींना सोडायला किती वेळ घालवतेस?"

"जाऊन-येऊन पाऊण तास. का ओ ताई?"

"आठवड्यातून एक दिवस दहा मिनिटं चौकात उभी राहशील? बाकीचे दिवस पोरी आपल्या आपण जातील."

"उभी राहून काय करू? आरती ओवाळू?"

"स्कूटी आडवी लावायची. वळणावर. पोरी जाईपर्यंत."

तिने स्कर्ट मशिनवर टाकला. "लोक शिव्या घालतील की."

"घालतील."

"लय घालतील."

"तुझा नवरा रोज घालतो म्हणतेस. सवय आहे तुला."

ती हसत सुटली, मग म्हणाली, "बुधवार मला द्या. बुधवारी आमच्याकडं पाणी लवकर येतं." गणवेशाच्या दुकानाचा एक फायदा असतो, सगळ्या आया तिथे येतात आणि माप घेताना हात वर करून उभ्या असतात, पळता येत नाही. आठवड्यात माझ्यासकट बारा जणी झाल्या. रोज दोघी. वार वाटले गेले. मंगळवार मी मागून घेतला नाही. तोच उरला.

सुट्टीनंतर शाळा उघडली ती सोमवारी. सोमवारच्या दोघींनी तीन सायकली पार केल्या आणि एका रिक्षावाल्याशी भांडण केलं. मंगळवारी सात पंचविसाला मी चौकात उभी राहिले. स्कूटी वळणात आडवी, तिच्या पलीकडे दुसऱ्या एका मुलीच्या आईची. थंडी होती. उसाच्या ट्रॅक्टरमागून सांडलेलं वाडं रस्त्यात पडलं होतं, तेवढं मी पायाने बाजूला केलं.

पहिली मोटार आली ती थांबली. दुसरीने हॉर्न दाबून धरला. तिसरीतला बाहेरच आला. हातात गाडीची किल्ली गरागरा फिरवत.

"ओ बाई, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?"

"होय," मी म्हटलं. "मंगळवारी."

त्याला काही कळलं नाही. मागून ट्रॅक्टरवाल्याने मान बाहेर काढली, परिस्थिती बघितली आणि गाणं मोठं केलं. "अहो साहेब, दोन मिनिटं थांबा की! पोरी हायत!" असं तोच वरून ओरडला. साहेब किल्ली फिरवत उभे राहिले.

मग त्या आल्या. अकरा. ओळीत. पुढे नववीतली एक उंच मुलगी, रेवा पाचव्या नंबरला, माझ्या सायकलवर. सीट तिला अजून एक बोट उंच आहे. पायडल खाली गेलं की कमरेतून कलते. मडगार्डचा तोच खडखडाट. ती माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. माझ्या बोटांना मशिनच्या तेलाचा वास होता, तो तिच्यापर्यंत गेला असेल किंवा नसेल.

शेवटच्या मुलीने दोनदा घंटी वाजवली. ते तिला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

मी स्कूटी सरळ केली. पलीकडची बाई म्हणाली, "ताई, तुमच्या रेवाने तुमच्याकडं बघितलंसुद्धा नाही हो!"

"बरोबर गेली," मी म्हटलं, आणि दुकान उघडायला निघाले.